नवी विंडोज टाकली, आता जीएसटीची साइट का उघडत नाही?

महिन्याची अठरा तारीख होती. घरच्या संगणकावर आमच्या कापड दुकानाचा सारा हिसाब असतो. तो संगणक फार हळू चालू लागला म्हणून दुरुस्ती करणाऱ्या मुलाकडे दिला. त्याने फॉरमॅट मारला, नवी विंडोज टाकली आणि दुसऱ्या दिवशी संगणक परत आणून दिला. यंत्र वाऱ्यासारखे चालत होते. पण जीएसटीची साइट उघडेना, बँकेची उघडेना. प्रत्येक ठिकाणी लाल खूण आणि इंग्रजीत काहीतरी इशारा. त्या मुलाला फोन केला तर म्हणाला, "सर्व्हर डाउन असेल, उद्या पाहा." उद्या म्हणजे वीस तारीख, ३-बी भरण्याचा शेवटचा दिवस.

रात्री पुतण्या घरी आला. त्याने पडद्यावरचा इशारा वाचून दाखवला. त्यात स्पष्ट लिहिले होते की तुमचे घड्याळ मागे पडले आहे. कोपऱ्यात पाहिले तर संगणकावर कित्येक वर्षांपूर्वीची तारीख होती. तारीख दुरुस्त केली आणि दोन मिनिटांत सगळ्या साइट उघडल्या. दोन दिवस आम्ही सरकारच्या सर्व्हरला दोष देत होतो आणि उत्तर आमच्याच डोळ्यांसमोर होते.

हा अनुभव एकट्या आमचा नाही. आग्रा रोडवर, पाचकंदील भागात, यंत्रमागाच्या कारखान्यांत, कुठेही विचारा. "विंडोज मारली आणि नेट बिघडले" ही तक्रार ऐकायला मिळते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हापासून संगणक ही आपल्या दुकानाची दुसरी गादी झाली आहे. रिटर्न त्यावर, ई-वे बिल त्यावर, बँक त्यावर. म्हणून ब्राउझर का रुसतो आणि त्याला ताळ्यावर कसे आणायचे, हे आपण स्वतः थोडे तरी समजून घेतले पाहिजे. ब्राउझर म्हणजे ज्या खिडकीतून आपण इंटरनेट पाहतो तो प्रोग्राम, जसे क्रोम, एज किंवा फायरफॉक्स.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा

माल कमी भरला तर आपण आधी पाहतो की चूक गिरणीची, वाहतूकदाराची की आपल्या मोजणीची. इथेही तेच करावे. तीन सोप्या परीक्षा आहेत.

पहिली परीक्षा मोबाईलची. घरातल्या त्याच वाय-फायवर मोबाईल जोडा, मोबाईलचा स्वतःचा डेटा बंद करा आणि तीच साइट उघडून पाहा. मोबाईलवर उघडली तर साइटही ठीक आणि इंटरनेटही ठीक. दोष संगणकात आहे. मोबाईलवरही उघडली नाही तर वाय-फाय बंद करून मोबाईलच्या डेटावर पाहा. तिथे उघडली तर घरच्या इंटरनेटचा दोष, तिथेही नाही तर बहुधा साइटचाच.

दुसरी परीक्षा दुसऱ्या ब्राउझरची. क्रोममध्ये उघडत नसेल तर एजमध्ये पाहा. एकात चालते आणि दुसऱ्यात नाही, तर विंडोज ठीक आहे आणि दोष त्या एका ब्राउझरमध्ये आहे.

तिसरी परीक्षा खासगी खिडकीची. क्रोम किंवा एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही तीन बटणे एकदम दाबली की ती उघडते. या खिडकीत जुन्या नोंदी वापरल्या जात नाहीत आणि जोडलेली उपकरणे, म्हणजे एक्स्टेन्शन, सहसा बंद असतात. इथे साइट चालली तर एखादे एक्स्टेन्शन किंवा साठलेली जुनी नोंद अडथळा करते आहे असे समजावे. सेटिंगमध्ये जाऊन कुकीज आणि कॅशे पुसावी, नको असलेली एक्स्टेन्शन काढावीत.

घड्याळ: सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा दोष

घड्याळ चुकले तर साइट का अडते? प्रत्येक सुरक्षित साइटजवळ एक प्रमाणपत्र असते. ही साइट खरी आहे असे ते सांगते, आणि त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल याची तारीख असते. आपल्या ई-वे बिलालाही मुदत असते. साधारण मालाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस. आता समजा, नाक्यावरच्या अधिकाऱ्याच्या भिंतीवर दहा वर्षांपूर्वीचे कॅलेंडर आहे. तो तुमचे बिल पाहून म्हणेल, "हे बिल अजून सुरूच झालेले नाही." बिल खरे, माल खरा, कॅलेंडर खोटे. ब्राउझरही असेच करतो.

तारीख मागे का जाते? संगणकाच्या आत मुख्य पाटीवर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. बहुतेक घरगुती संगणकांत त्याचा नंबर सीआर २०३२ असतो. वीज बंद असताना घड्याळ त्या सेलवर चालते. सेल संपला असेल आणि दुरुस्तीसाठी संगणकाची वायर काढली, की तारीख थेट जुन्या वर्षावर जाते. तारीख दुरुस्त केल्यावरही रोज सकाळी ती पुन्हा मागे जात असेल तर सेल बदलून घ्या. घड्याळाच्या दुकानातही तो मिळतो आणि थोड्या पैशांत काम होते.

दुसरी चूक टाइम झोनची. विंडोज टाकताना देश निवडला नाही तर ती अमेरिकेची वेळ धरून बसते. मग आपण काटे हाताने फिरवून सकाळचे दहा करतो. पडद्यावर दहा दिसतात, पण संगणकाच्या मते ते अमेरिकेतले दहा असतात. आतला हिशेब साडेतेरा तासांपर्यंत चुकलेला राहतो. म्हणून आधी टाइम झोनच्या यादीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असे लिहिलेली, पाच तास तीस मिनिटांची ओळ निवडा. मग तारीख आणि वर्ष पाहा. शेवटी 'सिंक नाऊ' हे बटण दाबा. फरक फार मोठा असेल तर संगणक आपोआप वेळ जुळवत नाही, म्हणून आधी हाताने योग्य तारीख टाकावी लागते.

इंटरनेटची वायर आहे, पण ओळख नाही

काही वेळा कोणतीच साइट उघडत नाही. वायर लावलेली, दुकानदाराचे बिल भरलेले, तरी इंटरनेट नाही. नवी विंडोज आली की संगणकाच्या भागांची ओळख करून देणारे छोटे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, पुन्हा टाकावे लागतात. कामाला नवा मुनीम ठेवला तर त्याला गिऱ्हाइकांची ओळख करून द्यावी लागते, तसेच हे आहे. डिव्हाइस मॅनेजर उघडा. तिथे नेटवर्कच्या नावापुढे पिवळी खूण असेल तर ड्रायव्हर नाही. मोबाईल यूएसबी वायरने संगणकाला जोडा आणि मोबाईलमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. बहुतेक वेळा एवढ्याने संगणकाला तात्पुरते इंटरनेट मिळते. मग विंडोज अपडेट चालवा किंवा संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या.

वाय-फाय जोडलेले दिसते पण ब्राउझर काहीच उघडत नाही, असे असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी पाहा. आपण कधीही प्रॉक्सी लावलेली नसताना ती चालू दिसली तर बंद करा. चोरीची विंडोज चालवण्यासाठी जे 'अ‍ॅक्टिव्हेटर' टाकतात, त्यांच्याबरोबर असे पाहुणे घरात शिरतात. अ‍ॅक्टिव्हेटर टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यावरूनच काय ते समजावे. दुकानाचे कुलूप काढून चोराला चावी देण्यासारखे आहे. ज्या यंत्रावर बँकेचा पासवर्ड टाकायचा, तिथे पाचशे रुपये वाचवण्यासाठी असा धोका घेऊ नये.

विंडोज कोणती टाकली ते विचारा

जुना संगणक असला की दुरुस्तीवाले विंडोज ७ टाकून देतात. ती हलकी आहे, हे खरे. पण तिची सुरक्षा सुधारणा मायक्रोसॉफ्टने सर्वसाधारण ग्राहकांसाठी १४ जानेवारी २०२० रोजी बंद केली. विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारे शेवटचे क्रोम १०९ क्रमांकाचे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेले क्रोम ११० या विंडोजवर चालत नाही. नव्याने टाकलेल्या विंडोज ७ बरोबर इंटरनेट एक्सप्लोरर ८ येतो आणि आजच्या बहुतेक साइटशी त्याची भाषाच जुळत नाही. त्यामुळे त्यातून नवा ब्राउझर उतरवून घेणेही जमत नाही. अशा वेळी दुसऱ्या संगणकावरून ब्राउझरची पूर्ण फाईल पेनड्राइव्हवर आणावी लागते.

जुन्या यंत्रांचा आणखी एक घोळ ३० सप्टेंबर २०२१ रोजी जगभर झाला. त्या दिवशी प्रमाणपत्रांच्या मुळाशी असलेले एक जुने मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झाले. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था मोफत प्रमाणपत्रे देते आणि अनेक साइट तिची प्रमाणपत्रे वापरतात. ज्या जुन्या संगणकांत आणि मोबाईलमध्ये नव्या मुळाची नोंद पोहोचली नव्हती, तिथे या साइट अडल्या. तारीख बरोबर, इंटरनेट ठीक, तरी इशारा, असे जुन्या विंडोजवर दिसले तर कारण हेच असू शकते. विंडोज अपडेट सुरू असली तर ही नोंद आपोआप येते. फायरफॉक्स अशी यादी स्वतःजवळ बाळगतो, म्हणून काही वेळा क्रोममध्ये अडलेली साइट फायरफॉक्समध्ये उघडते.

विंडोज १० ची नियमित मोफत सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. नावनोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा सुधारणा देण्याची सोय कंपनीने जाहीर केली होती. म्हणून नवी विंडोज टाकायला देताना "कोणतीही टाका" असे म्हणू नये. कोणती टाकणार आणि तिला सुधारणा कधीपर्यंत मिळणार, हे आधी विचारावे. थान घेताना आपण धागा पाहतो, तसे.

ब्राउझर कुठून आणावा

विंडोज १० आणि ११ मध्ये एज आधीच असतो. क्रोम किंवा फायरफॉक्स हवा असेल तर एजमध्ये त्या कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करावा. शोधून आलेल्या यादीत सर्वांत वर जाहिराती असतात आणि त्यांत नकली दुकाने निघतात. तिथून आणलेल्या प्रोग्रामबरोबर नको ती पट्टी येते, मुखपृष्ठ बदलते, जागोजागी जाहिराती उघडतात. असे झालेच तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'रीसेट सेटिंग्ज' आहे, ते वापरा. आणि कोणत्याही साइटने सूचना पाठवू का असे विचारले तर 'ब्लॉक' दाबा. पडद्याच्या कोपऱ्यात अचानक येणाऱ्या बऱ्याच वाईट जाहिराती या एका 'अलाउ'मुळे येतात.

"तुमचे कनेक्शन खासगी नाही" असा इशारा आला की घाईत खालचे 'तरीही पुढे जा' दाबण्याची सवय काहींना लागली आहे. बँकेच्या किंवा जीएसटीच्या साइटवर हे कधीही करू नये. आधी तारीख पाहा. तारीख बरोबर असूनही इशारा असेल तर थांबा आणि मोबाईलच्या इंटरनेटवर तपासा. तो इशारा म्हणजे रात्री गल्लीत शिट्टी वाजवणारा रखवालदार आहे. त्याचे तोंड बंद करून झोप चांगली लागते, पण दुकान सुरक्षित राहत नाही.

पासवर्ड कुठे गेले?

सर्वांत मोठे नुकसान इथे होते. कित्येकांचे पासवर्ड ब्राउझरलाच पाठ असतात, मालकाला नाहीत. फॉरमॅट मारला की ते जातात. क्रोममध्ये गुगल खात्याने साइन इन करून सिंक चालू ठेवले असेल तर नव्या विंडोजवर त्याच खात्याने आत गेल्यावर पासवर्ड आणि बुकमार्क परत येतात. तसे नसेल तर एक उपाय बुकमार्कपुरता आहे. ड्राइव्ह पूर्ण न पुसता विंडोज टाकली असेल तर सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा फोल्डर सापडतो. त्यात जुन्या वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये क्रोमची बुकमार्कची फाईल मिळू शकते. हा फोल्डर काही दिवसांत आपोआप पुसला जाऊ शकतो, म्हणून ताबडतोब त्याची नक्कल करून घ्या. क्रोमचे पासवर्ड मात्र अशा नकलेने येत नाहीत. त्यांचे कुलूप जुन्या विंडोजच्या खात्याशी बांधलेले असते. फायरफॉक्सचा पूर्ण प्रोफाइल फोल्डर जपला असेल तर त्याचे पासवर्ड परत येतात.

जीएसटीचा पासवर्ड विसरला तर घाबरू नका. 'फरगॉट पासवर्ड' मधून नोंदवलेल्या मोबाईल आणि ईमेलवर ओटीपी येतो. अडचण कुठे येते? जीएसटीची नोंदणी करताना पुष्कळांनी आपल्या कर सल्लागाराचा किंवा त्याच्या मुनीमाचा नंबर दिला होता. तो नंबर आज कुणाकडे आहे, हे त्यांनाच ठाऊक नाही. ई-वे बिलाच्या साइटवर १ एप्रिल २०२५ पासून लहान व्यापाऱ्यांनाही पासवर्डबरोबर ओटीपी लागू झाला. नंबर स्वतःचा नसेल तर आजच बदलून घ्या.

साइट उघडते, पण काम होत नाही

आता शेवटचा टप्पा. साइट उघडली, लॉगिन झाले, माहिती भरली, पण बिल छापायला खिडकीच उघडत नाही. नवा ब्राउझर वर येणाऱ्या छोट्या खिडक्या, म्हणजे पॉप-अप, अडवतो. पत्त्याच्या पट्टीत उजव्या बाजूला छोटी खूण दिसते. तिच्यावर दाबून त्या सरकारी साइटपुरती परवानगी द्या. सर्व साइटना परवानगी देऊ नका. बिल उतरले पण सापडत नसेल तर डाउनलोड फोल्डर पाहा. प्रिंटर गप्प असेल तर त्याचाही ड्रायव्हर नव्याने टाकावा लागतो, ब्राउझरचा त्यात दोष नाही.

कंपनी किंवा एलएलपी असेल तर रिटर्नवर डिजिटल सही लागते. सही त्या यूएसबी टोकनमध्ये असते, संगणकात नव्हे. म्हणून फॉरमॅट मारल्याने सही जात नाही. पण टोकनचा ड्रायव्हर आणि सही करणारा प्रोग्राम ई-एमसाइनर पुन्हा टाकावा लागतो. टोकनच्या प्रोग्राममध्ये 'इनिशियलाइझ' किंवा 'फॉरमॅट' असे बटण दिसले तर त्याला हात लावू नका. त्याने आतली सही पुसली जाते आणि नवी विकत घ्यावी लागते. एकमालकी दुकानदाराला सहसा ओटीपीवरच काम करता येते.

मराठी आणि उर्दू अक्षरे

आपल्यापैकी पुष्कळ जण बातम्या मराठीत आणि उर्दूत वाचतात. नव्या विंडोजवर मराठी सहसा ठीक दिसते. उर्दू मात्र नस्तालीकऐवजी अरबी वळणात दिसते आणि डोळे दुखतात. विंडोज १० किंवा ११ च्या भाषांच्या यादीत उर्दू जोडली की 'उर्दू टाइपसेटिंग' हा नस्तालीक फाँट मिळतो. मग ब्राउझरच्या फाँट सेटिंगमध्ये तो निवडता येतो. जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेली पत्रे आणि दरपत्रके फॉरमॅटनंतर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात. ती बिघडलेली नसतात. तोच जुना फाँट पुन्हा टाकला की वाचता येतात. म्हणून त्या फाँटची फाईल जपून ठेवा.

फॉरमॅट मारण्याआधी

हे सारे उपाय नंतरचे झाले. खरी शहाणपणाची वेळ संगणक दुरुस्तीला देण्याआधीची असते. एक कागद घ्या आणि पुढील गोष्टी झाल्यावर खूण करा.

१. टॅलीचा किंवा हिसाबाच्या प्रोग्रामचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतला, आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिला.
२. डेस्कटॉप, डाउनलोड आणि डॉक्युमेंट हे तिन्ही फोल्डर नकलून घेतले.
३. ब्राउझरचे बुकमार्क एक्स्पोर्ट केले.
४. पासवर्ड वहीत लिहून वही कुलपात ठेवली. पासवर्डची फाईल काढली असेल तर काम झाल्यावर ती पुसली, कारण ती कुणालाही वाचता येते.
५. नोंदवलेला मोबाईल नंबर आणि ईमेल आपल्याच ताब्यात आहेत, हे तपासले.
६. टोकन काढून घरी ठेवले.
७. महिन्याच्या ११, १३ आणि २० तारखांच्या आसपास संगणक दुरुस्तीला दिला नाही.

सातवी ओळ सर्वांत महत्त्वाची समजा. ११ तारखेपर्यंत आपली विक्री जीएसटीआर-१ मध्ये भरली गेली नाही तर ती शिरपूर-दोंडाईच्याच्या गिऱ्हाइकाच्या त्या महिन्याच्या २-बी मध्ये दिसत नाही. त्याचे क्रेडिट अडते आणि तो आपले पैसे अडवतो. ३-बी उशिरा भरली तर दिवसाला ५० रुपये दंड, निरंक असेल तर २० रुपये, आणि राहिलेल्या करावर १८ टक्के व्याज. इंदूरकडे निघालेला ट्रक ई-वे बिलासाठी रस्त्याच्या कडेला उभा राहिला तर भाडे वाढते, ते वेगळेच. एका सेलमुळे एवढी साखळी तुटते.

संगणक परत आला की दुरुस्तीवाल्यासमोरच पाच मिनिटे बसा. तारीख पाहा, टाइम झोन पाहा, जीएसटीची साइट उघडा, एक पान छापून पाहा, मगच पैसे द्या. कापडाची गाठ आपण उघडून, मोजून घेतो. संगणकही तसाच मोजून घ्यावा.